गोरिलापॉड मान टाकतो, घसरतो, फोटो हलतात: काय करायचं?

प्रश्न असा आहे: ट्रेकला मोठा ट्रायपॉड नेणं जिवावर येतं म्हणून मण्यांच्या माळेसारखे वाकणारे पाय असलेला छोटा ट्रायपॉड, म्हणजे गोरिलापॉड घेतला. खोक्यावर क्षमता १ किलो लिहिली आहे. मिररलेस कॅमेरा १८-५५ लेन्ससकट ७०० ग्रॅमच्या आसपास भरतो, तरी लेन्स जरा खाली झुकवली की ट्रायपॉड हळूहळू मान टाकतो. कठड्याला गुंडाळला तर फिरतो किंवा घसरतो. पहाटेचे फोटो थोडे हललेले येतात. ७०-३०० ही लांब लेन्स लावायची तर हिंमतच होत नाही. एका पायाचा मणी मध्यंतरी निखळला, तो दाबून बसवला आहे. हाच वापरू की मोठा घेऊ? आणि गडावर रात्री ताऱ्यांचे फोटो यावर निघतील का?

आधी थोडक्यात सांगतो. ताऱ्यांचे फोटो निघतील. ७०-३०० चे निघणार नाहीत. ट्रायपॉड एक माप मोठा घ्या. पण नुसता मोठा घेऊन तुमची अर्धीच तक्रार मिटेल, कारण उरलेली अर्धी वापरण्याच्या पद्धतीतली आहे. हा प्रकार ट्रायपॉड म्हणून विकला जातो आणि आपण तो ट्रायपॉडसारखाच तीन पायांवर उभा करतो. प्रत्यक्षात ती एक पकड आहे. स्वतःच्या पायांवर ताठ उभं राहणं ही त्याची सगळ्यात दुबळी अवस्था. खांब, फांदी, खिडकीचा गज, दगडाची खाच असं काहीतरी धरायला मिळालं की मग त्याचा खरा उपयोग सुरू होतो.

यामागे थोडा इतिहास आहे. जोबी कंपनीने गोरिलापॉड २००६ मध्ये आणला, तो खिशात मावणाऱ्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांसाठी. ते कॅमेरे दीड-दोनशे ग्रॅमचे, लेन्स बॉडीतच आत जाणारी, म्हणजे पुढे लोंबकळणारं वजन जवळपास नाहीच. (कंपनीचा संस्थापक जोबेन बेव्हर्ट पुढे विजेवर उडणाऱ्या हवाई टॅक्सीच्या मागे लागला, जोबी एव्हिएशन ती त्याचीच.) मग मागणी आली तशी मोठी मापं निघाली. आता मॉडेलच्या नावातच क्षमता असते: ३२५ म्हणजे ३२५ ग्रॅम, १के म्हणजे १ किलो, तसेच ३के आणि ५के. माप वाढलं तरी तत्त्व तेच राहिलं. प्लास्टिकचा गोळा प्लास्टिकच्या वाटीत घट्ट बसवलेला, आणि त्या दोघांमधल्या घर्षणावर सगळा डोलारा.

बाजारात याचा स्वस्त भाऊही मिळतो. वरून फोम, आत जाड तार, दुकानदार त्याला बहुतेक वेळा 'ऑक्टोपस' म्हणतात. मोबाइलसाठी तो वाईट नाही. पण तार त्याच त्या जागी वाकवत राहिलं की धातू कडक होत जातो आणि एक दिवस तुटतो. फोममुळे आत काय चाललंय ते दिसत नाही. कॅमेरा त्याच्यावर लावू नका. इथून पुढे मी बोलतोय ते मण्यांच्या पायांबद्दल.

आता मान टाकण्याचं कारण. खोक्यावरचा १ किलो हा आकडा वजन नेमकं मधोमध, सरळ खाली असताना खरा मानायचा. लेन्स खाली झुकवली की कॅमेऱ्याचा भार मधल्या बिंदूपासून पुढे सरकतो, आणि सांध्याला नुसतं वजन झेलावं लागत नाही, त्याचा पीळ झेलावा लागतो. ७०० ग्रॅम वजन सहा सेंटिमीटर पुढे गेलं तर सांध्यावर पडणारा पीळ तीन सेंटिमीटरवरच्या १४०० ग्रॅमइतका असतो. तुमचा ट्रायपॉड काही खोटं बोलत नाहीये, तुम्ही त्याच्याकडून दुप्पट काम करून घेताय. म्हणून माझा हिशोब असा: कॅमेरा अधिक सगळ्यात जड लेन्स यांचं वजन करा आणि त्याच्या तिप्पट क्षमतेचा घ्या. दुप्पट चालतो, पण नवा असेपर्यंत. वाट्या झिजल्या की दुप्पटीचं अंतर संपतं.

तोवर हाच वापरायचा असेल तर पहिली गोष्ट: एक पाय नेहमी लेन्सच्या खाली, लेन्सच्याच दिशेला. बहुतेक जण नकळत उलटं करतात. दोन पाय पुढे आणि एक मागे ठेवला की दिसायला ऐटबाज दिसतं, पण भार नेमका दोन पायांच्या मधल्या मोकळ्या जागेत येतो. कॅमेरा आकाशाकडे रोखला तर भार मागे सरकतो. तेव्हा तो एकटा पाय मागे घ्यायचा. कॅमेरा उभा करून, म्हणजे पोर्ट्रेटमध्ये फोटो काढायचा असेल तर अख्खी बॉडी एका बाजूला लटकते. त्या बाजूला पाय न्या, किंवा एल-ब्रॅकेट (कॅमेऱ्याला लावायची एल आकाराची पट्टी) लावा म्हणजे कॅमेरा उभा असूनही वजन मधोमध राहील.

दुसरी गोष्ट: मान नक्की कोण टाकतंय ते शोधा. वर बॉलहेड (कॅमेरा हवा तसा वळवून आवळायचा गोळ्याचा सांधा) असेल तर पाय जिथे एकत्र येतात तो मधला भाग बोटांनी घट्ट धरा आणि लेन्स हलकेच खाली दाबा. तरीही कॅमेरा खाली गेला तर दोष हेडचा. ते आवळा, कॅमेऱ्याखालच्या प्लेटचा स्क्रू नाण्याने घट्ट करा. हेड हललं नाही तर दोष पायांचा. हेड आवळल्यावरही शेवटी केसभर खाली बसतंच, अगदी महागड्या हेडमध्येसुद्धा. त्यामुळे चौकट ठरवताना हवी त्यापेक्षा किंचित वर ठेवायची, हात काढायचा, बसू द्यायचं आणि मग पाहायचं.

पाय फाकवण्याबद्दल एक गैरसमज आहे. 'जितके फाकवू तितका स्थिर' हे नेहमीच्या ट्रायपॉडला लागू, कारण तिथे पाय ठरावीक कोनावर अडकतात. इथे अडकायला काही नाही. पाय जितका बाहेर, तितका वरच्या पहिल्या-दुसऱ्या मण्यावर जास्त पीळ. त्याला तोलून धरतं ते टोकाच्या रबराचं जमिनीशी घर्षण. म्हणून हाच ट्रायपॉड घरच्या गुळगुळीत फरशीवर हळूहळू पसरत जातो आणि कोकणात जांभ्याच्या चिऱ्यावर मुकाट उभा राहतो. फरशीवर वापरायचा असेल तर खाली पायपुसणं टाका. कॅमेरा जड असेल तर पायांची टोकं आतल्या बाजूला गुंडाळून पाय आखूड करा. उंची जाईल, पण ताकद वाढेल. नाहीतरी त्याची पूर्ण उंची जेमतेम वीत-दीड वीत. ती अर्धी झाली म्हणून चित्रात फार फरक पडत नाही.

आणि हो, मोठ्या ट्रायपॉडच्या हुकाला बॅग टांगतात तशी याला टांगू नका. पाय वाकून खाली बसेल. त्याऐवजी पायांच्या टोकांवर एकेक दगड ठेवा. वजन सांध्यांवर न येता थेट जमिनीवर जातं आणि पाय सरकत नाहीत.

आता कठडा. इथे जरा सावकाश जाऊ, कारण या उपकरणाचं मोल इथेच आहे आणि नव्वद टक्के लोक इथेच चुकीचं बांधतात.

उभा पाइप आहे असं समजा. लोक काय करतात, तिन्ही पाय एकाच उंचीवर, एकाच दिशेने पाइपला गुंडाळतात. मग कॅमेरा पाइपभोवती गोल फिरतो, कारण त्याला फिरू न देणारं काही नाहीच. बरोबर पद्धत अशी. दोन पाय वर, एक डावीकडून आणि दुसरा उजवीकडून, एकमेकांच्या उलट दिशेने गुंडाळायचे. तिसरा पाय गुंडाळायचाच नाही. तो खाली सोडून, किंचित बाक देऊन, त्याचं टोक पाइपवर टेकवायचं. भिंतीवरच्या फळीखाली तिरका ब्रॅकेट असतो ना, तेच काम हा तिसरा पाय करतो. कॅमेऱ्याचं वजन वरच्या दोन पायांना पाइपपासून ओढतं आणि खालच्या पायाला पाइपवर दाबतं. जितका तो खाली टेकेल तितका वरच्या पकडीवरचा ताण कमी. हा एक बदल करून पाहा, 'घसरतो' ही तक्रार बऱ्यापैकी संपेल.

गुंडाळण्याची सुरुवात टोकाकडून करू नका. मधल्या भागाजवळच्या पहिल्या मण्यापासून सुरू करा, एकेक मणी अंगठ्याने पाइपवर दाबत पुढे जा, आणि टोक शेवटी आत वळवून दाबा. मधला भाग पाइपला चिकटूनच असला पाहिजे. त्यात चार बोटांची फट राहिली तर तेवढ्या लांबीचा दांडा तुम्ही फुकट तयार केला. वेढा किती? दोराचं गणित सांगतं की घर्षणाचा गुणांक ०.५ धरला तर अर्ध्या वेढ्याला पकड जवळपास पाचपट होते आणि पूर्ण वेढ्याला तेवीसपट. मणी काही दोरासारखे ताणले जात नाहीत, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण पाऊण वेढ्यावर समाधान मानणं आणि पूर्ण वेढा देणं यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो तो याच कारणाने. त्यामुळे पाइप फार जाड नको. मनगटाएवढा किंवा त्याहून बारीक मिळाला तर उत्तम. विजेच्या खांबाला हा कवेत घेऊ शकत नाही.

उलट खिडकीच्या ग्रिलचे गज फार बारीक असतात. मणी त्यांच्याभोवती तितके वळतच नाहीत, आत पोकळी राहते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा बॅगेत ठेवा. गजाला तो आधी गुंडाळायचा, वर पाय. जाडीही वाढते आणि रबरावर रबर बसतं. हातरुमालाने निम्मं काम होतं, पण तो ओला झाला की निरुपयोगी. ग्रिलला आडवे आणि उभे दोन्ही गज असतील तर आणखी सोपं: एक पाय आडव्यावर, दोन उभ्यांवर, मधला भाग दोन्ही गज मिळतात त्या कोपऱ्यात. मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीतून पावसाळी ढगांचा टाइमलॅप्स काढायला यापेक्षा चांगली बैठक मोठ्या ट्रायपॉडलाही मिळत नाही. त्याला ग्रिलच्या आत उभं राहावं लागतं आणि गज चौकटीत येतात. हा ग्रिललाच बसतो.

बाल्कनीचा विषय निघालाच आहे तर एक सक्त सूचना. खाली रस्ता किंवा पार्किंग असेल तर कॅमेऱ्याचा पट्टा आधी ग्रिलला बांधायचा आणि नंतरच ट्रायपॉडला हात लावायचा. काढताना उलट क्रम. ही काळजी कॅमेऱ्याइतकीच खालून चालणाऱ्याच्या डोक्याची. कॅमेरा उलटा टांगायचा असेल, उदाहरणार्थ फांदीखाली, तर पट्टा हवाच. गोळा आणि वाटी दाबाखाली चांगली टिकतात, ओढीखाली तितकी नाहीत. सगळं वजन खेचण्याच्या दिशेने आलं की मणी निखळू शकतो, आणि तुमचा एक तर निखळून झालाच आहे.

झाडाच्या बाबतीत एवढंच की फांदी नको, बुंध्याचा दुबेळका बघा. फांदी वाऱ्याने हलते आणि ते डोळ्यांना दिसतही नाही, एका सेकंदाच्या फोटोत मात्र दिसतं. पावसाळ्यात सह्याद्रीत झाडाच्या सालीवर शेवाळ असतं, त्यावर रबर टिकत नाही. त्यासाठी शेवाळ खरवडून काढू नका, दुसरं झाड बघा.

कठडा पक्का दिसला म्हणजे स्थिर असतोच असं नाही. पहाटे सूर्योदयासाठी कळसूबाईला चढणारे लोखंडी शिड्यांजवळच्या कठड्याला कॅमेरा बांधताना दिसतात. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर, सुट्टीच्या दिवशी माणसांची रांग, आणि प्रत्येक जण त्याच लोखंडाला धरून चढतोय. वीस फुटांवर कोणी हात ठेवला तरी ते कंप इथवर येतात. शिवाय तो कठडा लोकांनी धरायचा आहे, तुमच्या कॅमेऱ्यासाठी नाही. तपासायची सोपी रीत अशी: कठड्यावर तळहात टेकवा आणि अर्धा मिनिट काहीही न बोलता थांबा. हाताला थरथर जाणवली तर कॅमेऱ्याला जाणवणारच. पुलावर हे फार होतं. बस गेली की पुढचे काही क्षण फोटो घेऊ नये. लोखंडापेक्षा दगड केव्हाही बरा. गडाच्या तटबंदीवर ढासळलेल्या दगडांच्या खाचेत तीन पाय रोवून बसवलेला छोटा ट्रायपॉड मी कठड्यापेक्षा जास्त विश्वासाने सोडतो.

तुमचे पहाटेचे फोटो हलतात ते बहुधा शटरच्या वेगामुळे. साधारण १/६० ते १ सेकंद हा पट्टा सगळ्यात त्रासदायक. बोटाने बटण दाबल्याचा हेलकावा आणि शटरचा स्वतःचा धक्का या काळात फोटोच्या मोठ्या भागावर पसरतो. वीस सेकंदांच्या फोटोत पहिल्या अर्ध्या सेकंदाची थरथर हरवून जाते, १/५०० मध्ये थरथर व्हायला वेळच नसतो; मधल्यात मधे आपण सापडतो. आणि पहाटेचा उजेड नेमका या मधल्या वेगात आणून सोडतो. उपाय सगळे फुकटचे आहेत. बोटाने दाबू नका, टायमर लावा, आणि या ट्रायपॉडवर २ सेकंदांचा पुरत नाही, कारण तो हात लावल्यावर जास्त वेळ डुलतो. १० सेकंदांचा लावा किंवा मोबाइलवरून शटर सोडा. मिररलेसमध्ये इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरचा पहिला पडदा न हलवता फोटो सुरू करण्याची सोय) सुरू करा. डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा असता तर मिरर लॉक-अप (आरसा आधीच वर उचलून ठेवणं) म्हटलं असतं. स्टॅबिलायझेशन (थरथर कमी करणारी सोय) पक्क्या आधारावर बंद ठेवा. काही कॅमेऱ्यांत ते नसलेली थरथर शोधत बसतं आणि स्वतःच हलवतं. गळ्यातला पट्टा वाऱ्यात फडफडत असेल तर तो गुंडाळून टाका. एवढं करूनही शंका असेल तर स्क्रीनवर चित्र दहापट मोठं करा आणि ट्रायपॉडला टिचकी मारा. डुलणं थांबायला किती वेळ लागतो ते दिसेल. तेवढा वेळ थांबायचं, बस.

यात ७०-३०० चं उत्तरही दडलं आहे. १८ मिमीला जी थरथर एका पिक्सेलइतकी दिसते तीच ३०० मिमीला सुमारे १७ पिक्सेल दिसते, कारण प्रमाण सरळ फोकल लेंथचं, म्हणजे लेन्सवरच्या मिमीच्या आकड्याचं आहे. त्यात लेन्स लांब, म्हणजे पीळ जास्त. ५के घेतलात तर वजन पेलेल, पण डुलणं राहीलच. लांब लेन्सला गडावर चांगला आधार म्हणजे बीनबॅग. रिकामी पिशवी न्या, मुक्कामाला तांदूळ असतातच. ते तिच्यात भरून तटावर ठेवा आणि वर लेन्स. फक्त खिचडी शिजायच्या आधी फोटो उरकून घ्या. ताडोब्यात जिप्सीतून फोटो काढायलाही हीच पिशवी. जिप्सीच्या दांड्याला गोरिलापॉड बांधलेला दिसतो खरा, पण गाडीत सहा जण वाघाकडे एकदम सरकतात तेव्हा दांडाच हलतो, आणि वाघ काही तुम्ही बांधलेल्या दिशेलाच येत नाही.

तारे. इथे रुंद लेन्स आणि लांब एक्सपोजर, दोन्ही गोष्टी या ट्रायपॉडच्या बाजूच्या. तुमच्या १८ मिमीला, सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा दीडपट लहान मापाचा धरून, १८ सेकंदांपर्यंत तारे ठिपकेच राहतात (१८ गुणिले १.५ म्हणजे २७, आणि ५०० भागिले २७, हा ढोबळ हिशोब. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते त्यातून तो येतो. फार बारकाईने पाहणार असाल तर १२ सेकंदांवर या). अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, एफ/३.५. आयएसओ ३२०० पासून सुरुवात. अमावास्येच्या आसपासची रात्र. फोकस हाताने, तेजस्वी ताऱ्यावर चित्र मोठं करून.

आपल्या अक्षांशाचा इथे एक फायदा आहे. पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश, म्हणून ध्रुवतारा उत्तर क्षितिजाच्या वर तेवढाच असतो. ताऱ्यांची वर्तुळं काढायला कॅमेरा फार वर रोखावा लागत नाही, भार जवळजवळ मधोमध राहतो, आणि खाली बुरूज किंवा दरवाजा सहज चौकटीत येतो. आकाशगंगेचा धनू राशीतला दाट भाग दक्षिणेला बेचाळीस-त्रेचाळीस अंशांपर्यंत चढतो. पावसाळ्याआधी एप्रिल-मेमध्ये मध्यरात्रीनंतर तो मिळतो. तेव्हा कॅमेरा बराच मागे कलतो, म्हणून वर सांगितल्याप्रमाणे एक पाय मागे.

वर्तुळांसाठी तासभर सलग फोटो घ्यायचे असतात आणि तिथे खरी परीक्षा आहे. सैल सांधा तासाभरात नकळत खाली बसतो आणि फोटो जोडताना जमिनीची रेष दुहेरी दिसते. तेव्हा उंचीचा मोह सोडा. पाय जवळजवळ वेटोळं करून कॅमेरा कातळावर अगदी बुटका बसवा, टोकांवर दगड ठेवा. बुटका असण्याचा आणखी फायदा म्हणजे वारा. जमिनीलगत वारा बराच कमी असतो. गडाच्या माथ्यावर, जिथे मोठा ट्रायपॉड पूर्ण उंचीवर गुणगुणत असतो, तिथे हा दगडाच्या आडोशाला शांत पडून राहतो.

जमिनीलगतच्या कामात तो मोठ्याला कायमच हरवतो. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात कास पठारावर गेलात तर गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू ही फुलं आणि झाडं घोट्याच्याही खाली असतात. तिथे कॅमेरा जमिनीपासून आठ-दहा सेंटिमीटरवर नेता येतो, आणि खडबडीत कातळावर प्रत्येक पाय आपापल्या खळग्यात बसतो. पण पाय उघड्या कातळावरच ठेवा आणि आखलेल्या वाटेवरूनच फोटो घ्या. पश्चिम घाटाचा भाग म्हणून कास २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि त्या कातळावरचा मातीचा थर इतका पातळ आहे की एक कोपर टेकलं तरी वर्षाचं फूल जातं. आणि फूल वाऱ्याने हलत असेल तर जगातला कुठलाही ट्रायपॉड उपयोगाचा नाही. १/२५० च्या वर जा, नाहीतर वारा पडायची वाट बघा.

नियमांचं एक सांगून ठेवतो. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंमध्ये ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, आणि 'हा छोटा आहे हो' हा युक्तिवाद पहारेकऱ्यापुढे चालत नाही. त्याच्या दृष्टीने तीन पाय म्हणजे ट्रायपॉड. लेण्यांच्या खांबांना किंवा मंदिराच्या कोरीव कामाला गुंडाळण्याचा तर विचारही नको.

खरेदीबद्दल. ३ किलो क्षमतेचा घ्या, ज्यात बॉलहेड सुटं होतं आणि खाली पाव इंचाचा स्क्रू मिळतो. कधी हेड न लावता कॅमेरा थेट पायांवर बसवावा लागतो, तेवढीच उंची आणि तेवढंच डुलणं कमी. हेडवर पाण्याचा बुडबुडा असेल तर चांगलं, अंधारात क्षितिज सरळ राहतं. ५के तुम्हाला नको. तो पाऊण किलोच्या आसपास जातो आणि तेवढं वजन उचलायचंच असेल तर हलका प्रवासी ट्रायपॉड जास्त कामाचा. नेहमी पाइप-कठड्यालाच बांधणार असाल तर सुपर क्लॅम्प (पाइपला आवळून बसणारा चिमटा) पाहा. मॅनफ्रोटोचा ०३५ हा १३ ते ५५ मिमी जाडीच्या पाइपला बसतो आणि १५ किलो पेलतो. त्याच्यापुढे कुठलाही मण्यांचा पाय टिकणार नाही, पण तो दगडावर उभा राहू शकत नाही. सध्याचा १ किलोवाला विकू नका. मोबाइलला आणि छोट्या एलईडी दिव्याला तो वर्षानुवर्षं पुरेल.

राहिला निखळलेला मणी. दाबून बसवला ते ठीक, पण तो सांधा आता बाकीच्यांपेक्षा सैल असण्याची शक्यता आहे. पाय सरळ धरून प्रत्येक सांधा एकेक करून वाकवा आणि विरोध किती लागतो ते बोटांना कळू द्या. एखादा सहज वळला तर वाटीच्या कडेला उजेडात बघा. केसासारखी चीर दिसली तर तो पाय बाद, त्यावर कॅमेरा लावू नका. चीर नसेल आणि नुसता सैल असेल तर तो पाय कमी भाराच्या बाजूला ठेवा, लेन्सखाली कधीच नाही. तेल, ग्रीस, सिलिकॉन काहीही घालू नका. घर्षणावरच सगळं उभं आहे, तेच तुम्ही पुसून टाकाल. समुद्रावरून आलात तर नळाखाली गोड्या पाण्यात सगळे सांधे फिरवत धुवा, कारण अडकलेली वाळू वाटीला आतून घासत राहते. मग सावलीत वाळवा. उन्हात, गाडीच्या काचेमागे ठेवू नका, तापलेलं प्लास्टिक मऊ पडतं आणि वाट्या पसरतात. बॅगेतही पाय पीळ देऊन कोंबू नका, सरळ करून ठेवा.